खोट्या पापण्या घरी कशा लावाव्यात: आधी अर्धी पट्टी, मग पूर्ण

मराठीत ‘पापणी’ हा शब्द आपण दोन गोष्टींना वापरतो. लवते तीही पापणी, आणि गालावर पडलेला केस मुठीवर ठेवून, मनात इच्छा धरून फुंकर मारतो तीही पापणीच. एरवी यानं कुणाचं काही अडत नाही. खोट्या पापण्या लावायला बसलं की मात्र अडतं. डबीतली ती केसाळ पट्टी चिकटवायची कशाला, केसांना की कातडीला? मी पहिल्यांदा केसांना चिकटवली होती. मावसबहिणीचं लग्न, मे महिना, कार्यालयातली कोंदट खोली, दारावर थापा. मंगलाष्टकं सुरू होईपर्यंत डाव्या डोळ्याची पट्टी बाहेरच्या टोकाला उचलली गेली होती, आणि पंगतीत शेजारी बसलेल्या सहा वर्षांच्या भाच्यानं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “मावशी, तुझ्या डोळ्यावर सुरवंट बसलाय.”

तर उत्तर असं की पट्टी कातडीला चिकटवायची. आपल्या केसांची मुळं कातडीतून जिथे बाहेर येतात, त्या रेषेला अगदी खेटून, वरच्या बाजूला. केसांवर चिकटवली तर डोळ्यांच्या प्रत्येक उघडझापीला ती झुलते आणि तासाभरात सुटते. खाली घसरून डोळ्याच्या ओल्या कडेवर आली तर आणखी वाईट. त्या कडेवर, केसांच्या आतल्या बाजूला, बारीक ग्रंथींची तोंडं असतात. वरच्या पापणीत अशा साधारण २५ ते ४० ग्रंथी एका ओळीत असतात, आणि त्यांच्या तेलकट स्रावामुळे डोळ्यातला ओलावा पटकन सुकत नाही. तिथे ग्लू बसला की तोंडं बुजतात, डोळा चुरचुरतो, आणि रांजणवाडी व्हायला निमित्त मिळतं.

खाली जे काही सांगितलंय ते सगळं या एका रेषेवर नेम धरण्यासाठी आहे.

पट्टी कोणती घ्यायची

तुळशीबागेत, क्रॉफर्ड मार्केटात किंवा गावातल्या कुठल्याही कटलरीच्या दुकानात खोट्या पापण्यांच्या डब्या टांगलेल्या दिसतात. शंभर-दीडशे रुपयांतही जोडी मिळते. पहिल्या खेपेला महाग घेऊच नका, कारण पहिली जोडी शिकण्यात खराब होणारच आहे.

कल्पना तशी शंभर वर्षांहून जुनी. अ‍ॅना टेलर या कॅनडातल्या बाईंनी १९११ साली अमेरिकेत कृत्रिम पापण्यांचं पेटंट घेतलं. अर्धचंद्राकृती कापडी पट्टी आणि तिच्यात बसवलेले केस, असं ते होतं. आज केस बहुधा सिंथेटिक असतात आणि पट्टी दोऱ्याची किंवा पारदर्शक, पण रचना फारशी बदललेली नाही.

निवडताना आधी पट्टी बघा, केस नंतर. जाड काळी दोऱ्याची पट्टी ताठ असते, डोळ्याच्या गोलाईवर बसत नाही आणि दिवसभर जड वाटते. पातळ, बोटावर सहज वाकणारी पट्टी नवशिक्यांना बरी. पारदर्शक पट्टी लपवायला सोपी, काळी पट्टी लायनरसारखी दिसते; पण दोन्हींत मऊपणा महत्त्वाचा. डबीचं झाकण उघडून बघू देत असतील तर बघा.

मग लांबी. वरच्या पापणीचे आपले स्वतःचे केस साधारण ८ ते १२ मिलिमीटर लांब असतात. खोट्या पट्टीतला सगळ्यांत लांब केस १० ते १२ मिलिमीटरचा असेल तर चारचौघांत कुणाला कळणार नाही, नुसतं ‘आज छान दिसतेस’ म्हणतील. १४-१५ मिलिमीटरच्या पुढे ती रंगमंचाची गोष्ट होते. लावणी किंवा भरतनाट्यम असेल, शेवटच्या रांगेपर्यंत डोळे पोचायला हवे असतील, तर त्या लांबीला अर्थ आहे. हळदीकुंकवाला नाही. चष्मा असेल तर लांबी आणखी कमी ठेवा. केस काचेला लागले की दर मिचकावण्याला झाडू मारल्यासारखं होतं आणि काचेवर रेघा उठतात. बहुतेक पट्ट्यांत आतल्या कोपऱ्याकडचे केस आखूड आणि बाहेरचे लांब असतात. डावी-उजवी त्यावरूनच ओळखायची.

ग्लू: इथे घाई आणि काटकसर दोन्ही नको

डबीबरोबर फुकट येणारी नखाएवढी ट्यूब बऱ्याचदा धड चिकटत नाही. ती बाजूला ठेवा आणि पट्टीच्या पापण्यांसाठीचा ग्लू वेगळा विकत घ्या. दोन प्रकार दिसतील, लॅटेक्स असलेला आणि लॅटेक्स नसलेला. लॅटेक्स म्हणजे रबराचा चीक. फुगे फुगवताना ओठ सुजत असतील किंवा रबरी हातमोज्यांनी हाताला खाज सुटत असेल, तर लॅटेक्सचा ग्लू डोळ्याजवळ अजिबात नको. रंगाचंही बघा. पांढरा ग्लू वाळल्यावर पारदर्शक होतो, म्हणून चुकीच्या जागी लागला तरी निभावतं. काळा ग्लू लायनरमध्ये मिसळून जातो, पण हात हलला की जिथे लागेल तिथे डाग. शिकताना पांढराच घ्या.

ऑनलाइन मागवताना एका गोष्टीवर फार लक्ष द्या. पार्लरमध्ये एकेका केसाला जे ‘एक्स्टेन्शन’ करतात, त्याचा ग्लू वेगळा असतो. तो सायनोअ‍ॅक्रिलेट जातीचा, म्हणजे फेविक्विकचा नातेवाईक. दोन्हींना दुकानदार ‘लॅश ग्लू’च म्हणतात. तो कातडीवर लावायचा नसतो, प्रशिक्षित माणसानं फक्त केसावर लावायचा असतो. वेष्टनावर ‘स्ट्रिप लॅश’साठी, म्हणजे पट्टीच्या पापण्यांसाठी, असं लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. आणि प्रत्यक्ष फेविक्विकबद्दल सांगायची गरज पडू नये, पण सांगते: नाही. ग्लूची ट्यूब आणि घरातली झटपट चिकटवणारी ट्यूब एका खणात ठेवू नका, घाईत दोन्ही सारख्याच दिसतात. चुकून असं काही डोळ्याला लागलंच तर ओढून पापण्या सोडवायचा प्रयत्न न करता, कोमट पाण्यानं धुवत थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.

नवा ग्लू कोणताही असो, आधी कोपराच्या आतल्या बाजूला चण्याएवढा ठिपका लावून वाळू द्या आणि चोवीस तास, शक्य तर अठ्ठेचाळीस तास बघा. लाली, खाज, पुरळ आलं तर तो ग्लू आपला नाही. पापणीची कातडी शरीरावरच्या सगळ्यांत पातळ कातडीपैकी आहे. कोपराला जे सोसत नाही ते तिला सोसणार नाही. ट्यूब उघडली त्या दिवशी तारीख पेननं तिच्यावरच लिहून ठेवा. दिवाळीला उघडलेली ट्यूब पुढच्या गणपतीला वापरायची नसते. वास बदलला, गुठळ्या झाल्या, पाणी वेगळं सुटलं की टाकून द्या.

बाकी सामान घरातलंच: प्लकर, छोटी धारदार कात्री, टूथपिक किंवा आगकाडीची मागची बाजू, कानातल्या काड्या, मस्कारा, लायनर.

आदल्या दिवशी करायची कामं

समारंभाच्या सकाळी पहिल्यांदा पापण्या लावून बघणं म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये पुस्तक उघडणं. तीन-चार दिवस आधी एकदा, आदल्या दिवशी एकदा, असं दोनदा लावून बघा. माप घेणं आणि वाकवणं ही दोन कामं तर आदल्या दिवशीच उरका.

डबीतून पट्टी काढताना केसांना धरून ओढू नका, केस उपटून हातात येतात. बाहेरच्या टोकाशी पट्टीच्या कडेला बोट लावून हळूहळू सोलल्यासारखी काढा. कारखान्यातला थोडा डिंक पट्टीला लागलेला असतो. तो प्लकरनं ओढून काढला की पट्टी मऊ पडते.

आता माप. पट्टी कुठल्याही एका बाईच्या डोळ्याच्या मापानं बनवलेली नसते, आणि ती जवळपास नेहमीच जास्त लांब निघते. ग्लू न लावता ती डोळ्यावर नुसती टेकवा. सुरुवात नाकाजवळच्या कोपऱ्यापासून करायची नाही. आपले स्वतःचे केस जिथून सुरू होतात तिथून करायची, म्हणजे त्या कोपऱ्यापासून साधारण चार-पाच मिलिमीटर सोडून. पट्टी त्याच्या आत गेली तर टोक टोचत राहतं, डोळ्यातून पाणी येतं, त्या पाण्यानं ग्लू सुटतो, आणि मग आपण ग्लूला दोष देतो. दुसऱ्या बाजूला शेवटच्या केसाच्या पुढे जेवढी लोंबते तेवढी जास्तीची. ती कापायची, पण नेहमी बाहेरच्या टोकाकडून. आतल्या बाजूनं कापली तर आखूड केस निघून जातात आणि नाकाजवळ एकदम लांब केसांची भिंत उभी राहते. चेहऱ्यापासून दूर धरून, दोन झुबक्यांच्या मधून, एकेक झुबका कापा. परत टेकवून बघा. थोडी आखूड झालेली पट्टी चालते, लांब राहिलेली नाही चालत.

मग वाकवणं. पट्टी डबीतून सरळसोट बाहेर येते आणि डोळा गोल असतो. पेन्सिलीभोवती किंवा मेकअपच्या ब्रशच्या दांड्याभोवती ती गुंडाळून पाच-दहा मिनिटं तशीच ठेवा. टोकं उचलली जाण्यामागे हे एक मोठं कारण असतं: पट्टीला सरळ व्हायचं असतं आणि ग्लूला ती वाकवून धरावी लागते.

एरंडेल लावणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. पापण्या दाट व्हाव्यात म्हणून रात्री एरंडेल लावायची सवय असेल तर दोन दिवस आधी थांबवा. त्यानं पापण्या वाढतात की नाही हा वाद इथे नको, पण तेल आणि ग्लूचं वैर पक्कं आहे. काजळाचंही तेच. काजळात तेल आणि मेण असतं. वरच्या कडेला काजळ भरून मग पट्टी लावली की ती हमखास घसरते. खालच्या डोळ्यात, तेही पापण्या बसून झाल्यावर, हवं तेवढं घाला.

बैठक

उभं राहून, बाथरूमच्या आरशात बघून, हात अधांतरी ठेवून हे काम होत नाही. टेबलाशी बसा. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवा. आरसा समोर उभा ठेवू नका, टेबलावर आडवा, हनुवटीच्याही खाली ठेवा म्हणजे त्यात बघताना नजर आपोआप खाली जाते. यानं दोन गोष्टी साधतात: पापणीची कातडी सपाट ताणली जाते आणि केसांच्या मुळांची रेष स्पष्ट दिसते, तरी डोळा पूर्ण मिटत नाही. हनुवटी वर आणि नजर खाली. माझ्या मते निम्मं कौशल्य या बसण्यात आहे.

खिडकीचा उजेड तोंडावर येऊ द्या. आणि पंखा बंद करा. उन्हाळ्यात हे सांगणं क्रूर आहे, पण पंख्याखाली ग्लू एका बाजूनं आधी वाळतो आणि हातातली पट्टी उडून नेमकी गालिच्यात पडते.

हात साबणानं धुऊन कोरडे करा. पापण्या मायसेलर वॉटरनं (मेकअप पुसायचं तयार पाणी) किंवा साध्या ओल्या कापसानं पुसून कोरड्या होऊ द्या. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर त्या सगळ्यात आधी, मेकअप सुरू व्हायच्या आधी घाला. पापण्यांचा क्रम फाउंडेशन आणि आयशॅडोनंतर येतो. शॅडोची चमकी मुळांच्या रेषेवर सांडली असेल तर कानातल्या काडीनं झटका, कारण ग्लू कातडीला न चिकटता पावडरीला चिकटतो. नंतर आपले केस कर्लरनं वर वळवून मस्काऱ्याचा एक हलका हात. हे दोन्ही पट्टी लावायच्या आधी. आपले केस सरळ खाली आणि खोटे केस वर असले तर बाजूनं बघणाऱ्याला दोन मजले दिसतात. मस्कारा पूर्ण वाळू द्या.

लावणं

पहिल्या खेपेला पूर्ण पट्टी लावू नका, हा माझा हट्ट आहे. पट्टी मधोमध कापा आणि फक्त बाहेरचा अर्धा भाग लावा, डोळ्याच्या मध्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत. आतला कोपरा, जिथे सगळी मारामारी होते, तो प्रश्नच मिटतो. अर्धी पट्टी कमी वाकवावी लागते, हलकी असते, आणि दिसायला इतकी सहज की मी आता बहुतेक वेळा तीच लावते. तीन-चारदा जमलं की पूर्ण पट्टीकडे वळा. पूर्ण पट्टी वळणावर बसतच नसेल तर तिचे तीन तुकडे करून एकेक लावा, शेजारी शेजारी. जोड कुणालाही दिसत नाहीत.

टूथपिकच्या टोकावर ग्लू घेऊन पट्टीच्या कडेला अगदी बारीक रेघ ओढा. ट्यूबच्या तोंडानंच पट्टीवर पिळलात तर जास्त पडतो. टोकांना किंचित जास्त, कारण सुटतात ती टोकंच. केसांवर ग्लू चढू देऊ नका.

आणि आता थांबा.

तीस ते पंचेचाळीस सेकंद. हे थांबणं कुणाला जमत नाही. ओला ग्लू चिकटत नाही, सरकतो. पट्टी पापणीवर ठेवली की लोण्यावर ठेवल्यासारखी इकडे तिकडे जाते, आपण परत उचलतो, परत ठेवतो, तोवर पापणीभर ग्लू. बाजूच्या कागदावर एक थेंब काढून ठेवा. त्याला बोट लावून उचलल्यावर बारीक तार सुटली की पट्टीवरचाही तयार झाला. पांढरा ग्लू या वेळी कडेनं पारदर्शक होऊ लागतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत पूर्ण मिनिटभर लागतो. विदर्भातल्या मे महिन्यात वीस सेकंदांतच पकड येते. फुंकर मारून घाई करू नका, थुंकीचे कण उडतात.

प्लकरनं पट्टी मधोमध, केसांच्या बाजूनं, धरा. पट्टीच्या कडेला धरली तर प्लकरच चिकटतो. नजर खाली आरशात. पट्टी समोरून थेट न आणता वरून, कपाळाकडून खाली आणा. आधी मधला भाग मुळांच्या रेषेला टेकवा. बुबुळाच्या बरोबर वर तो आला की सोडून द्या आणि श्वास घ्या. मग प्लकर बंद करून त्याच्या टोकानं बाहेरचं टोक दाबून बसवा. ते डोळ्याच्या नैसर्गिक उतारापेक्षा केसभर वरच ठेवा, खाली गेलं तर डोळे झोपाळू आणि रडवे दिसतात. आतलं टोक सगळ्यात शेवटी. पट्टी आणि पापणी यांच्यात कातडीची फट दिसत असेल तर ग्लू ओला आहे तोवरच पट्टी खाली सरकवा.

तीनही जागा बसल्या की कानातल्या काडीच्या दांडीनं कडेकडेनं हलकं दाबा, आणि अंगठा व बोटाच्या चिमटीत आपले आणि खोटे केस एकत्र धरून दोन-तीनदा सोडा. दोन्ही एकमेकांत मिसळतात. मग दोन-तीन मिनिटं डोळे अर्धे खाली ठेवून स्वस्थ बसा. फोन आला तरी घेऊ नका.

पलीकडच्या डोळ्याचं काम नेहमी जास्त अवघड जातं, कारण उजवा हात नाकावरून पलीकडे न्यावा लागतो. सुरुवात त्याच डोळ्यापासून करा, हात दमायच्या आधी. उजव्या हातानं काम करणाऱ्यांनी आधी डावा डोळा.

दोन्ही झाल्यावर आरसा उभा करून हातभर लांब ठेवा आणि सरळ बघा. एक पट्टी वर, एक खाली असं दिसत असेल तर नाकाजवळून मोजत बसू नका. समोरच्या माणसाला हातभर अंतरावरूनच दिसणार आहे. पट्टीची कड लपवायला मुळांच्या रेषेवरून बारीक लायनर फिरवा. पेन्सिलीच्या मेणापेक्षा लिक्विड लायनर इथे चांगला. खोट्या केसांवर मस्कारा मात्र फासू नका, पुढच्या वेळी ती पट्टी धुता येत नाही.

काही बिघडलं तर

आतलं टोक वारंवार उचललं जात असेल तर आधी ग्लू वाढवू नका. पट्टी उतरवून एक झुबका बाहेरून कापा आणि चार मिलिमीटरचा नियम परत तपासा. बहुतेक वेळा रोग लांबीचा असतो. उचललेलं टोक समारंभात सुटलं तर टूथपिकवर ग्लूचा कण घेऊन पट्टी आणि पापणीच्या मध्ये लावा, पंधरा सेकंद तसंच उघडं ठेवा आणि मग दाबा. म्हणून ग्लू आणि टूथपिक पर्समध्ये ठेवायची.

डोळा उघडताना वरचे-खालचे केस एकमेकांना चिकटले असतील तर घाबरू नका. जास्तीचा ग्लू खाली ओघळलेला आहे. कोमट पाण्यात बुडवलेली कानातली काडी बाहेरच्या बाजूनं हळूहळू फिरवा, सुटतात. ग्लू पूर्ण वाळल्यावरही डोळा लाल आणि झोंबत असेल तर मात्र ‘सवय होईल’ म्हणू नका. लगेच काढा.

लग्नाच्या दिवशी

नवरीच्या पापण्यांना साध्या पापण्यांपेक्षा तिप्पट छळ सोसावा लागतो. होमाचा धूर समोर, घाम वरून, पाठवणी शेवटी. धुरानं आणि रडण्यानं पाणी नाकाजवळच्या कोपऱ्यात जमतं, म्हणून आतल्या टोकाचा ग्लू सगळ्यात आधी हार मानतो. वॉटरप्रूफ ग्लू घ्या, किंवा सरळ अर्धी पट्टी लावून आतला कोपरा मोकळाच सोडा. रडू आलं तर डोळे चोळायचे नाहीत. टिश्यूची घडी करून तिचं टोक खालच्या पापणीच्या कडेला टेकवायचं, पाणी ते ओढून घेतं. करवलीच्या हातात असा टिश्यू द्यायला विसरू नका.

आणखी एक, जे इंटरनेटवरचे परदेशी व्हिडिओ सांगणार नाहीत. मुंडावळ्या. त्यांचे सर कानशिलांवरून गालांवर लोंबतात आणि बाहेरच्या कोपऱ्याला पंखासारख्या लांब पापण्या असतील तर नवरीनं मान वळवली की मोती त्यांत अडकतात. मुंडावळ्या बांधायच्या असतील तर बाहेरचे केस आखूड असलेली, मध्यभागी लांब केसांची पट्टी निवडा, आणि सर डोळ्यापासून दोन बोटं तरी मागे राहतील अशा बांधायला सांगा.

चुंबकवाल्या आणि झुबक्यांच्या पापण्या

ग्लू नकोच असणाऱ्यांसाठी चुंबकाच्या पापण्या मिळतात. आधी लोहाचे कण असलेला लायनर लावायचा, तो वाळला की पट्टीवरचे इवलेसे चुंबक त्याला धरतात. लावायला सोप्या, पण लायनरची रेघ जाड लागते आणि जोराच्या वाऱ्यात भरवसा वाटत नाही. एमआरआय काढायचा असेल तर या पापण्या आणि तो लायनर दोन्ही आधी पूर्ण काढावे लागतात. झुबक्यांच्या पापण्या म्हणजे चार-पाच केसांचे तुकडे. ते आपल्या केसांच्या खालून, केसांनाच चिकटवायचे प्रकारही हल्ली आलेत. त्यांचा ग्लू निराळा असतो. पट्टी नीट जमेपर्यंत तिकडे वळू नका.

काढणं

लावण्यात चूक झाली तर फोटो बिघडतो. काढण्यात चूक झाली तर आपले केस जातात. पट्टी ओढून काढली की तिच्याबरोबर मुळासकट आलेले केस बेसिनमध्ये दिसतात, आणि ते परत पुरते वाढायला दोन महिने सहज लागतात. वारंवार ओढलं तर मुळं कायमची कमजोर होतात.

कितीही दमलात तरी लावून झोपू नका. आठ तास पुरे. लेन्स असतील तर हात धुऊन आधी त्या काढा, तेल लेन्सवर गेलं तर धुतलं जात नाही. मग कापसावर तेलयुक्त मेकअप रिमूव्हर किंवा खोबरेल घ्या. थंडीत खोबरेल थिजलेलं असतं, तळहातावर चोळून पातळ करा. डोळा मिटून कापूस मुळांच्या रेषेवर अर्धा ते एक मिनिट नुसता धरून ठेवा. घासायचं नाही. तेल ग्लूला आतून सैल करतं, त्याला तेवढा वेळ लागतो. बाहेरचं टोक आपोआप उचललं गेलं की तिथे धरून आतल्या दिशेनं, पापणीला समांतर, सावकाश सोलून काढा. अडकलं की परत कापूस. तेल डोळ्यात जाऊन थोडा वेळ धुरकट दिसतं, ते पाण्यानं जातं. शेवटी सौम्य फेसवॉशनं पापण्या धुवा, तेलाचा अंश राहू देऊ नका.

कधी लावू नयेत

डोळे आलेले असताना, रांजणवाडी असताना, पापण्यांच्या कडेला कोंडा किंवा सूज असताना नाही. मोतीबिंदूचं किंवा चष्म्याचा नंबर घालवायचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची साथ आली होती तेव्हा माझ्याकडच्या दोन जोड्या मी फेकून दिल्या, कारण डोळे येण्याच्या दोन दिवस आधीच त्या वापरल्या होत्या. तोच नियम तुम्हीही पाळा: दुखऱ्या डोळ्याला लागलेली पट्टी, मस्कारा, लायनर सगळं कचऱ्यात. आणि पापण्यांची जोडी कुणाला उसनी द्यायची नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. बांगड्या द्या, साडी द्या.

पुन्हा वापरण्यासाठी

नीट सांभाळली तर एक जोडी दहा-पंधरा वेळा सहज चालते. काढल्यावर पट्टी टिश्यूवर ठेवून, एका बाजूनं धरून, वाळलेला ग्लू प्लकरनं पापुद्र्यासारखा ओढून काढा. मायसेलर वॉटरमध्ये भिजवलेल्या काडीनं पट्टीच्या कडेवरून दोन-तीनदा फिरवा. खोबरेलानं काढली असेल तर हे जास्त काळजीपूर्वक करायचं, कारण तेलकट पट्टीला पुढच्या वेळचा ग्लू धरत नाही आणि आपण म्हणतो ग्लू वाईट. टिश्यूवरच वाळू द्या, केस हलक्या हातानं विंचरा, आणि डबीच्या मूळच्या वळणदार खाचेत परत बसवा, डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. डबीला झाकण लावून कोरड्या जागी ठेवा, बाथरूममध्ये नको.

हे काम त्याच रात्री करा. बेसिनच्या कडेवर तशीच ठेवून झोपलात, तर सकाळी घरातलं पहिलं उठलेलं माणूस तिच्यावर चप्पल मारतं. आमच्याकडे दोनदा झालंय.